सत्तेचाळीस नंबरचं उसनं अवसान

९ जानेवारी, सोमवार

नवऱ्याच्या गॅरेजला इंजिन ऑइलच्या एजन्सीने दोन डायऱ्या फुकट दिल्या. एक त्याने ठेवली, दुसरी मला दिली. मुखपृष्ठावर पिस्टन आहे आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार. आजचा: 'वेळेवर बदललेले ऑइल हाच खरा मित्र.' शास्त्रज्ञ बाईने मन मोकळं करायला याहून योग्य जागा मिळणं कठीण.

लिहायचं कारण असं, की प्रयोगशाळेतल्या वहीत फक्त खरं लिहावं लागतं आणि संचालकांच्या अहवालात फक्त चांगलं. मधलं सगळं ठेवायचं कुठे?

तर मी पाणी फोडते. विजेने पाण्यातला हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळा करायचा आणि हायड्रोजन इंधन म्हणून वापरायचा. दोन पेन्सिली आणि एक बॅटरी घेऊन शाळेतलं पोरही हे करून दाखवतं. पण पाणी आडमुठं आहे. त्याला जरुरीपेक्षा जास्त रेटा द्यावा लागतो, आणि तो जादा रेटा म्हणजे फुकट गेलेली वीज. रेटा कमी करायला उत्प्रेरक लागतो. उत्तम उत्प्रेरक म्हणजे प्लॅटिनम, इरिडियम वगैरे, म्हणजे तिजोरीत ठेवायच्या वस्तू. तेच काम स्वस्तातल्या धातूंकडून करून घेणं ही माझी नोकरी. निकेलच्या जाळीवर मॉलिब्डेनमचा थर द्यायचा, भट्टीत भाजायचा, क्षाराच्या द्रावणात बुडवायचा आणि देव पाण्यात घालून बसायचं. आजवर सेहेचाळीस नमुने भाजले. सेहेचाळीसच्या सेहेचाळीस ढिम्म.

सहा वर्षं मी इथे 'तात्पुरती' आहे. दहा मार्चला समिती येणार. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर महिनाअखेर किल्ली जमा. नवरा म्हणतो, "ये गॅरेजमध्ये, पंक्चर काढायला शिकवतो." हा विनोद आहे असं मी धरून चालले आहे.

१२ जानेवारी, गुरुवार

आज परोपकार केला. कुठल्याशा विद्यार्थ्याचा लेख माझ्याकडे परीक्षणाला आला होता. परीक्षकाचं नाव लेखकाला कळत नाही, त्यामुळे माणूस मोकळेपणाने वाईट वागू शकतो.

पोराचं म्हणणं, त्याच्या निकेलने चमत्कार केला. आता हे आमच्या धंद्यातलं उघडं गुपित आहे: द्रावणात चिमूटभर लोखंड शिरलं, तरी निकेल ते पिऊन घेतं आणि एकदम शूर होतं. श्रेय निकेलला, काम लोखंडाचं. पहिल्या वर्षाच्या मुलांनाही मी हे शिकवते. मी लिहिलं: 'लेखकाने लोखंडाची भेसळ तपासलेली दिसत नाही. हे निकेलचं कर्तृत्व नसून लोखंडाचं उसनं अवसान आहे. लेख नाकारावा.' वाक्य लिहून झाल्यावर मी ते दोनदा मोठ्याने वाचलं. फार आवडलं मला.

मी मात्र सगळ्यात शुद्ध क्षार वापरते. बाटलीवर प्रमाणपत्र आहे, लोखंड जवळजवळ शून्य. त्याची छायाप्रत मी भिंतीवर लावली आहे.

२० जानेवारी, शुक्रवार

चाललं!! सत्तेचाळीस नंबर चाललं!

सेहेचाळिसाव्याचा जादा रेटा होता तीनशे ऐंशी मिलिव्होल्ट. सत्तेचाळिसाव्याचा दोनशे चाळीस. आधी वाटलं यंत्र बिघडलं. जाळीचा नवा तुकडा कापून पुन्हा लावला. दोनशे बेचाळीस. बुडबुडे असे, की जणू सोड्याची बाटली फुटली. मी चक्क खुर्चीवर बसून रडले.

संचालकांना बोलावलं. ते कुठल्याही गोष्टीला टाळ्या वाजवतात, म्हणून आम्ही त्यांना पाठीमागे टाळीसाहेब म्हणतो. त्यांनी वाजवल्या. "मॅडम, याला हरित क्रांती म्हणायचं का?" मी म्हटलं, "सर, हा शब्द शेतीवाल्यांनी घेतलाय." ते म्हणाले, "मग महाहरित म्हणू."

या आनंदात फक्त मावशींनी मिठाचा खडा टाकला. मावशी म्हणजे आमच्याकडे काचेची भांडी धुणाऱ्या बाई. एकवीस वर्षं नोकरी, निवृत्तीला दोन वर्षं, आणि गुडघ्यांबद्दल कोणत्याही क्षणी बोलायला तयार. नेहमीचा माणूस सुट्टीवर गेला म्हणून या आठवड्यापासून आमच्या खोलीत आल्या आहेत. येताना स्वतःची जुनी कडीची बादली घेऊन आल्या. ती बादली नव्या पांढऱ्या फरशीवर जिथे ठेवतात तिथे तांबूस गोल उमटतो. मी दोनदा सांगितलं, खाली कागद घाला. आज समजा कोणी फोटो काढला असता तर?

पानाखाली: 'गंज दिसतो तेव्हा तो आधीच आत गेलेला असतो.' या एजन्सीवाल्यांना दुसरा उद्योग नाही.

२८ जानेवारी, शनिवार

मावशी तीन दिवस रजेवर. भाचीच्या घरी काहीतरी. भांडी मी धुतली, पाणी मी भरलं, सगळं कसं काटेकोर. आणि सत्तेचाळीस नंबरचे कोरे तुकडे? तीनशे अठ्ठ्याहत्तर. तीनशे ऐंशी. तीनशे एक्याऐंशी.

हवेत दमटपणा वाढला आहे. तेच कारण असणार. भट्टीचं तापमानही तीन अंशांनी हललेलं दिसलं.

२ फेब्रुवारी, गुरुवार

भट्टी तीन अंशांनी दुरुस्त केली, आणि काय! दोनशे एकेचाळीस. याला म्हणतात निदान. लेखात आता एक पूर्ण पान या तीन अंशांवर लिहिणार आहे: कणांची रचना, थराची जाडी, वगैरे. रंगीत आकृती काढायला घेतली. आकृतीत निकेलचे कण फार देखणे दिसतात.

मावशी मंगळवारीच परत आल्या. आल्याआल्या म्हणाल्या, "मी नव्हते तर बिघडलं ना तुमचं?" मी म्हटलं, "भट्टीमुळे बिघडलं." त्या "बरं," म्हणाल्या. काही माणसांचं 'बरं' हे सरळसरळ 'नाही' असतं.

६ फेब्रुवारी, सोमवार

आजचा दिवस आठवला तरी कान गरम होतात.

टाळीसाहेब पाहुणे घेऊन आले. पाच जण, सगळ्यांच्या पायात प्लास्टिकच्या पिशव्या. मी तीन अंशांचं महत्त्व समजावत होते. एका पाहुण्याचं लक्ष फरशीवरच्या तांबूस गोलाकडे गेलं. "हे काय?" टाळीसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मावशींकडे. आणि मावशी, ज्यांना कोणी काही विचारलेलं नव्हतं, म्हणाल्या, "तो माझ्या बादलीचा. आणि साहेब, ते तीन अंश बिंश काही नाही हो. मॅडमनी धुतलं की चालत नाही, मी धुतलं की चालतं. माझ्या हाताला गुण आहे."

पाचही पाहुणे हसले. टाळीसाहेबांनी टाळी वाजवली.

सहा वर्षं घासून मिळवलेलं एक यश, आणि त्याचं श्रेय विसळणाऱ्या हाताला! जेवायच्या सुट्टीत दहा मिनिटांत पत्र लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्यास प्रयोगशाळेतील स्वच्छतेची जाण नाही. समितीच्या भेटीपूर्वी अन्यत्र बदली करावी.' एरवी आमच्या ऑफिसात पेन्सिल मागितली तर महिना लागतो. हा आदेश चार वाजता निघाला. मावशी उद्यापासून जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कागदपत्रांच्या खोलीत. बादली भंगारात टाकायला सांगितली. फरशी मी स्वतः ॲसिडने घासली. गोल गेला.

नवऱ्याला सांगितलं तर तो फक्त म्हणाला, "जुन्या इमारतीला लिफ्ट नाही ना?"

१४ फेब्रुवारी, मंगळवार

तीनशे एकोणऐंशी.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

आठवडाभरात काय काय केलं: भट्टी तीन अंश वर, तीन अंश खाली. नवं मॉलिब्डेनम. नवी जाळी. दमटपणा घालवायला खोलीत दोन हीटर. सगळ्या वायरी बदलल्या. भांडी तर इतकी स्वच्छ, की त्यात मला माझा चेहरा दिसतो, आणि तो बघवत नाही.

गंमत म्हणजे जानेवारीत वापरलेले जुने तुकडे द्रावणात टाकले तर अजून बरे चालतात. त्याच जाळीचा कोरा तुकडा कापला की ठणठणगोपाळ. एकाच आईची लेकरं, एक हुशार आणि एक मठ्ठ.

समितीला सतरा दिवस. टाळीसाहेब रोज दारातून डोकावून विचारतात, "महाहरित काय म्हणतंय?" मी म्हणते, "मजेत."

२६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नवऱ्याबरोबर गॅरेजमध्ये गेले. घरी बसून छताकडे बघण्यापेक्षा बरं. एक माणूस गाडी घेऊन आला, काल चालत होती आज चालत नाही. नवऱ्याने बॉनेट उघडलंच नाही. आधी विचारलं, "मधे काय बदललं?" माणूस म्हणाला, काहीच नाही. नवरा म्हणाला, "आठवा." पाच मिनिटांनी माणसाला आठवलं, की मेहुण्याने दुसऱ्या पंपावर टाकी भरली होती.

माणूस गेल्यावर नवरा मला म्हणाला, "आता तू सांग. मधे काय बदललं?"

मी सगळं सांगितलं. भट्टी, जाळी, हीटर, वायरी. त्याने बोटं मोजली आणि म्हणाला, "हे सगळं तू बिघडल्यानंतर बदललंस. बिघडायच्या आधी काय बदललं ते विचारतोय."

"काहीच नाही," मी म्हटलं.

"आठव," तो म्हणाला. त्याच्या हाताला ग्रीस होतं आणि तोंडावर तो भाव, जो बघून गिऱ्हाइकं खरं बोलायला लागतात. मला एकच गोष्ट आठवत होती, आणि ती मला अजिबात आठवायची नव्हती.

३ मार्च, शुक्रवार

वीस जानेवारीच्या प्रयोगाचं उरलेलं द्रावण कपाटात सापडलं. लेबल माझ्याच अक्षरात, शेवटी उद्गारचिन्ह. ते आणि आजचं, दोन्ही बाटल्या खालच्या मजल्यावर धातू मोजायच्या यंत्राला दिल्या. तिथल्या बाईंनी तासाभरात कागद आणून दिला.

आजच्या द्रावणात लोखंड जवळजवळ शून्य. वीस जानेवारीच्या द्रावणात भरपूर. यंत्रवाल्या बाईंनी विचारलं, "हे काय खिळे उकळून केलंत का?"

क्षार शुद्ध होता. प्रमाणपत्र भिंतीवर आहेच. तो शुद्ध क्षार मी ज्या पाण्यात विरघळवला, ते पाणी कोण भरून ठेवायचं हे मी कधी बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कळसाही नव्हे, गंजकी बादली.

बारा जानेवारीचं पान उलटून माझं ते वाक्य पुन्हा वाचलं. आज नाही आवडलं. तीन अंशांची रंगीत आकृती फाडून टाकली. मावशी बरोबर होत्या, आणि मी त्यांना तीन मजले चढायला लावले.

६ मार्च, सोमवार

जुन्या इमारतीचे तीन मजले चढले. बासष्ट पायऱ्या. मला धाप लागली, आणि माझे गुडघे चांगले आहेत.

मावशी फायलींवरची धूळ झटकत होत्या. मी विचारलं, "गुडघे कसे आहेत?"

"रोज चौकशी होते त्यांची. जाताना बासष्ट, येताना बासष्ट."

मी मुद्द्यावर आले. "मावशी, द्रावणाच्या बाटल्यांत पाणी कुठून भरायचात तुम्ही?"

"बादलीतून. तुमच्या त्या पाण्याच्या कॅनचा नळ जमिनीला टेकलेला. एकेक बाटली भरायला वाकू किती? संध्याकाळी बादली भरून ठेवायची, सकाळी मगाने बाटल्या भरायच्या."

"रात्रभर पाणी बादलीत?"

"झाकून ठेवायचे हो! वर स्वच्छ फडकं घालून. कचरा जाऊ द्यायचे नाही मी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"विचारलंत कधी?" त्यांनी झटकणी खाली ठेवली. "पत्रात मात्र लिहिलंत, स्वच्छतेची जाण नाही. ऑफिसात मला दोनदा वाचून दाखवलं. एकदा ऐकायला, एकदा सही करायला. एकवीस वर्षांत एक बाटली फुटली नाही माझ्या हातून."

मी त्यांना लोखंडाचं सगळं समजावलं. त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "म्हणजे हाताला नव्हे, बादलीला गुण होता."

"हो."

"आणि बदली माझी झाली."

मी माफी मागितली. त्यांनी ऐकून घेतली, पण असू दे वगैरे म्हणाल्या नाहीत. मी म्हटलं, पत्र मागे घेईन. "लिहायला किती वेळ लागला होता?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, दहा मिनिटं. "मग बघू आता मागे घ्यायला किती लागतो."

निघताना दिसलं, कोपऱ्यात तीच बादली. भंगारातून उचलून आणली होती. चांगली वस्तू टाकतात का, असं त्यांचं मत. मी ती चार दिवसांसाठी मागून घेतली. बासष्ट पायऱ्या मी बादली छातीशी धरून उतरले.

९ मार्च, गुरुवार

काल संध्याकाळी बादलीत पाणी भरून ठेवलं. वर फडकं. आज त्या पाण्याचं द्रावण केलं, कोरा तुकडा लावला. दोनशे एकेचाळीस. बुडबुडे सोड्याच्या बाटलीसारखे.

टाळीसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांच्या टाळ्या थांबलेल्या मी पहिल्यांदाच बघितल्या. मग म्हणाले, "पण चालतंय ना? उद्या चालवून दाखवा. बादलीबद्दल कोण विचारणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"सर, मग हे माझं संशोधन नाही. निकेल आणि लोखंडाची जोडी जगाला केव्हाची माहीत आहे."

"मॅडम, तुमची जागा कायम झाली की पुढची पाच वर्षं हवं तेवढं खरं बोला."

खोटं कशाला बोलू, मला खोटं बोलावंसंही वाटलं. क्षाराचं प्रमाणपत्र खरं आहे. कोणी विचारलं तर भिंतीकडे बोट दाखवलं की झालं, एकही शब्द खोटा नाही. सहा वर्षं झाली. मला ही नोकरी हवी आहे. पंक्चर काढायचं नाही मला.

१० मार्च, शुक्रवार

समितीत चार जण. तिघे बुडबुड्यांवर खूश. चौथ्या बाई, जाड भिंगाचा चष्मा. शेवटी म्हणाल्या, "एकच प्रश्न. लोखंडाची भेसळ तपासलीत?"

टाळीसाहेबांनी भिंतीकडे बोट केलं. बाईंनी प्रमाणपत्र वाचलं, मान डोलावली. मी गप्प होते. मी मान्य केलं पाहिजे, मी पूर्ण गप्प होते.

मग त्या हसून म्हणाल्या, "राग मानू नका. माझ्या एका विद्यार्थ्याचा लेख जानेवारीत याच मुद्द्यावर परत आला. परीक्षकाने लिहिलं होतं, हे लोखंडाचं उसनं अवसान आहे. पोराने आठवडाभर जेवण सोडलं. तेव्हापासून मी सगळ्यांना विचारते."

"परीक्षक फार उद्धट असणार," मी म्हटलं.

"उद्धट होताच. पण बरोबर होता. आम्ही तपासलं, निघालं लोखंड."

मी टेबलाखालून बादली काढली आणि समितीसमोर ठेवली. टेबलही पांढरं होतं. सांगितलं, की क्षार शुद्ध आहे पण पाणी यातलं आहे. सत्तेचाळीस नंबर एकट्याने काहीच करत नाही. आणि हे मला शोधता आलं नाही, आमच्या भांडी धुणाऱ्या मावशींनी फेब्रुवारीतच सगळ्यांसमोर सांगितलं होतं, मी त्यांची बदली करवली. परीक्षक मीच होते, तेवढं एक सांगायचं धैर्य झालं नाही. बाईंनी मात्र चष्म्यावरून माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

बादली उचलल्यावर टेबलावर तांबूस गोल राहिला. कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

१५ मार्च, बुधवार

समितीचं पत्र आलं. कायम नाही. सहा महिने मुदतवाढ, 'लोखंडाचा नेमका वाटा मोजण्यासाठी'. सहा वर्षं तात्पुरती होते, आता त्याहून तात्पुरती. नवरा म्हणाला, "पंक्चरचं सहा महिन्यांनी बघू." या वेळी तो खरंच विनोद करत होता.

आता दुसरं पत्र. बदलीची विनंती मागे घ्यायची म्हटल्यावर कारकून चक्रावले. आणायचा फॉर्म आहे, हटवायचा आहे, चूक कबूल करायचा फॉर्मच नाही. तीन टेबलं फिरले. शेवटी कोऱ्या कागदावर लिहून घेतलं. कारण काय लिहायचं, त्यांनी विचारलं, 'प्रशासकीय' चालेल? मी लिहिलं: 'सदर कर्मचाऱ्याचे काम स्वच्छ होते. चूक माझी होती.' कारकुनांनी ते दोनदा वाचलं. मी म्हटलं, मावशींनाही दोनदाच वाचून दाखवा.

विद्यार्थ्यालाही काही लिहावंसं वाटलं. पण परीक्षकाचं नाव लेखकाला कळत नाही, हा नियम मी पहिल्यांदाच भेकडासारखा वापरला.

२७ मार्च, सोमवार

पत्र मागे घ्यायला बारा दिवस लागले. आज मावशी आल्या.

नवऱ्याने कॅनसाठी कमरेइतका उंच स्टँड वेल्डिंग करून दिला आहे. मावशींनी न वाकता नळ सोडून बघितला, बंद केला, पुन्हा सोडला. मग मी नवी प्लास्टिकची बादली पुढे केली. त्यांनी ती उलटी करून बघितली, बोटाने वाजवून बघितली.

"यात चालेल का तुमचं?"

"नाही चालणार."

"मग?"

"आधी न चालणारं नीट चालवून बघायचं. मग उद्यापासून लोखंड एकेक थेंब मोजून घालायचं."

"सहा वर्षं चालत नाही म्हणून रडलात," मावशी म्हणाल्या, "आणि आता चालायला नको." पण प्रयोगाचं भांडं त्यांनी धुतलं, तीन पाण्यांनी, आणि उजेडात धरून बघितलं. मी कोरा तुकडा लावला. दोघी काट्याकडे बघत उभ्या राहिलो. तीनशे ऐंशी.

मी वहीत आकडा लिहिला.

"वाईट आलं का?" त्यांनी विचारलं.

"खरं आलं."

"मग घ्या लिहून," त्या म्हणाल्या आणि पुढचं भांडं विसळायला घेतलं.